शुक्रवारची बानित्सा

आमच्या डोंगरी गावात नामदिवसाचे आमंत्रण कुणी देत नाही. ज्या संताच्या नावावरून माणसाचे नाव ठेवलेले असते, त्या संताच्या दिवशी त्याच्या घराचे दार सकाळपासून उघडे ठेवायचे. ज्याला आठवण असेल तो येतो. अकरा नोव्हेंबरला, संत मिनाच्या दिवशी, आमचे दार माझ्या थोरल्या भावासाठी, मिंचोसाठी, असे उघडे असे. तो गेल्यानंतरचे दोन नोव्हेंबर आईने आतून कडी घालून काढले. बाहेरच्या बाजूला दारावर त्याच्या छायाचित्राचा, मृत्यूच्या स्मरणाचा कागद होता. आधी चाळिसाव्या दिवसाचा, मग सहा महिन्यांचा, मग वर्षाचा, मग दोन वर्षांचा. जुना कागद आई काढीत नसे, त्यावरच नवा चिकटवी. त्यामुळे दारावरचा मिंचो दर खेपेला थोडा जाड होत चालला होता.

तिसऱ्या नोव्हेंबरला मी रीत मोडली आणि आमंत्रण दिले. ते झहारीला दिले, हे मात्र आईला सांगितले नाही.

मिंचो आणि झहारी हे दोघे घाटरस्त्यावरचा बर्फ हटवण्याचे यंत्र चालवीत असत. यंत्र एकच, पाळ्या दोघांच्या. त्या फेब्रुवारीतली ती सकाळची पाळी झहारीची होती. पाळीवर गेला मात्र मिंचो. दहाच्या सुमारास तिसऱ्या वळणावर यंत्रावर दरड कोसळली. झहारी त्या दिवशी का गेला नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हते. आणि जे ठाऊक नसते ते आमचे गाव स्वतःच्या पदरचे घालून पुरे करते. कुणी म्हणाले, पिऊन पडला असेल. कुणी म्हणाले, कुणा बाईकडे असेल. अंत्यविधीला तो सुजलेल्या तोंडाने आणि लाल डोळ्यांनी आला, भिंतीला टेकून उभा राहिला, आणि एक शब्दही बोलला नाही. दफनानंतर उकडलेल्या गव्हाचा घास वाटतात. मृताला क्षमा मिळावी म्हणून तो सगळ्यांनी खायचा असतो, वैऱ्यानेसुद्धा. आई परात घेऊन एकेकापुढे थांबत गेली. झहारीपाशी आली आणि त्याला ओलांडून पुढच्या माणसाकडे वळली.

"माझ्या हातचं तुला काही नाही," ती म्हणाली. अगदी हळू म्हणाली, पण सगळ्यांनी ऐकले.

त्यानंतर झहारी आमच्या गल्लीत कधी आला नाही. दुकानात जायचे तरी गिरणीच्या बाजूने वळसा घालून जाई.

मी स्मोल्यानला एका छापखान्यात मुद्रिते तपासतो. दुसऱ्यांच्या शब्दांतल्या चुका शोधण्यात माझे दिवस जातात. स्वतःचे शब्द मात्र घशापर्यंत येतात आणि तिथेच थांबतात. मिंचो होता तेव्हा माझ्या वाटचे तोच बोले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बसथांब्यावर झहारी भेटला. डिसेंबरात स्पेनला बहिणीकडे कायमचा जाणार आहे, म्हणाला. इथले सगळे आवरून झाले आहे. सगळे, असे म्हणताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही. तेव्हा माझ्या तोंडून शब्द कसे निघाले कोण जाणे, पण मी त्याला मिंचोच्या नामदिवसाला घरी ये म्हणालो.

तो बसच्या वाटेकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "येईन. पण एकदाच, वेलिन. मावशीनं हातानं दिलं, तर खाईन. नाही दिलं, तर उठून जाईन, आणि तू मनाला लावून घ्यायचं नाहीस."

आईला तो मावशी म्हणे. एवढेच ठरले. तो एकटा येऊ नये म्हणून मी शाळेपासूनच्या त्यांच्या तिसऱ्या सोबत्यालाही, स्तामेनलाही, सांगितले.

आई काही करणार नाही, हे मला ठाऊक होते. म्हणून तो सबंध महिना मी बानित्सा, म्हणजे चीज भरलेल्या पापुद्र्यांची भाजलेली पोळी, शिकण्यात घालवला. माझ्या घरमालकीणबाई स्वयंपाकघराच्या दारात हात बांधून उभ्या राहत आणि माझ्या पापुद्र्यांकडे पाहून विचारीत, ही बानित्सा आहे की खिडकी पुसायचा कपडा? पहिल्या आठवड्यात कपडाच होता. दुसऱ्यात त्याला भोके कमी पडू लागली. पीठ घट्ट भिजवू नये, त्यात थोडे व्हिनेगर घालावे, गोळ्यांना तेल लावून झाकून ठेवावे, घाई करू नये, हे सगळे मी मुद्रितावरच्या दुरुस्त्यांसारखे मनात टिपून ठेवले. पापुद्र्याखाली कागद ठेवला तर त्यावरची अक्षरे वाचता आली पाहिजेत, असे त्या म्हणत. एका रविवारी मला खरोखरच वाचता आली, आणि त्या दिवशी मी एकटाच खूप वेळ मेजापाशी बसून होतो.

गुरुवारी संध्याकाळी घरी पोचलो. मिंचोचे मित्र उद्या येणार आहेत, एवढेच आईला सांगितले. ती मोजे रफू करीत होती. येऊ देत, म्हणाली. मी काही करणार नाही, तुला हौस असेल तर तू कर.

सकाळी ती मेणबत्त्या घेऊन आधी चर्चला आणि तिथून दफनभूमीकडे गेली. मी चूल पेटवली, मेज घासले, पीठ भिजवले. मेजभर पसरलेला पापुद्रा हाताच्या पालथ्या बाजूवर उचलला की त्यातून खिडकीतला उजेड गाळून येई. खारे पांढरे चीज कुस्करले, चार अंडी आणि दही घालून कालवले. पापुद्र्यावर वितळलेले लोणी शिंपडायचे, सारण विखरायचे, सैल गुंडाळी करायची, आणि ती गुंडाळी गोल तबकात मधोमध वळवून ठेवायची. तिच्या शेपटाला पुढची गुंडाळी जोडायची. असे एकेक वेटोळे वाढत कडेपर्यंत जाते. शेवटचे वेटोळे कडेला टेकले. दोन गोळे उरले, ते तेल लावून झाकून ठेवले. तबक चुलीच्या भट्टीत सरकवले, झाकण लावले आणि मेजावर थाळ्या मांडल्या.

आई दारात आली तेव्हा बानित्सा फुगून सोनेरी झाली होती. तिने शाल काढली नाही. उंबऱ्यावर उभी राहून तिने वास घेतला.

"लोणी घातलंस?"

हो म्हणालो.

"अंडी?"

"चार."

"आणि आज शुक्रवार."

शुक्रवार आहे हे मला माहीत होते. त्यासाठी तर रजा काढली होती. पण शुक्रवार म्हणजे उपास, दूध नाही, लोणी नाही, अंडे नाही, हे मी शहरात राहून साफ विसरलो होतो. आमच्या घरात बुधवार आणि शुक्रवार आई जन्मभर पाळत आली आहे. महिनाभर मी पापुद्र्यांचा विचार केला, तारखेचा केला, माणसांचा केला. वाराचा केला नाही. ज्या पदार्थाने दोन माणसांना एका ताटाशी आणायचे होते, तोच त्यातल्या एका माणसाला वर्ज्य निघाला.

आईने शाल खुंटीला लावली आणि थाळ्या मोजल्या.

"एक जास्त आहे."

मी झहारीचे नाव घेतले. त्या घरात ते नाव जवळजवळ तीन वर्षांनी उच्चारले गेले. ती रागावेल असे वाटले होते. रागावली असती तर बरे झाले असते. ती भिंतीकडच्या तिच्या नेहमीच्या जागी बसली आणि मांडीवर पीठ नसतानाही ते झटकले.

"येऊ दे. दारात आलेल्याला मी हाकलणार नाही," ती म्हणाली. "बरं झालं उपास आला. त्याच्याबरोबर खावं लागणार नाही."

माझ्या चुकीने तिला आडोसा दिला होता. उपासाच्या दिवशी यजमानीण खात नसेल, वाढत नसेल, तर त्यात कुणाचा अपमान होत नाही. तिला काही नाकारावे लागणार नव्हते, काही द्यावेही लागणार नव्हते. झहारी उठून जाईल, स्पेनला जाईल, आणि सगळे अगदी रीतीला धरून होईल. आता काही नवे करायला वेळ नव्हता. अंगणातून स्तामेनचे हसणे ऐकू येत होते.

स्तामेन आधी आत आला. धिप्पाड, मोठ्या आवाजाचा माणूस. दुःखाच्या घरात कसे बोलावे हे न कळल्यामुळे तो नेहमीपेक्षा जास्त बोलत होता. झहारी त्याच्या मागे. त्याने टोपी काढून हातात धरली, मावशी म्हणून मान लवली, आणि आईने मान हलवली न हलवलीशी केली. तो दाराजवळच्या खुर्चीत बसला, निघायला सोपे पडेल अशा बेताने. मी राकिया ओतली. मेलेल्या माणसाच्या नावाने पितात तशी प्यायली: पेल्याला पेला न लावता, आधी चार थेंब जमिनीवर सांडून. मिंचोला देव क्षमा करो, असे सगळे पुटपुटले. आईनेही ओठ भिजवले. दारूला उपासाची आडकाठी नाही.

मी बानित्सा कापली. स्तामेनने एक तुकडा संपवला, दुसरा घेतला, आणि बोटे चाटीत म्हणाला, "वेलिन, खरं सांग, ही तूच केलीस? मग आता तुला बायको शोधायची दगदग मिटली. तुलाच कुठंतरी द्यायला हवं."

मी हसलो असावा. झहारीच्या थाळीतला तुकडा तसाच होता. काट्याला त्याने हात लावला नव्हता.

"खा की रे," स्तामेन म्हणाला, "निवली की तिची मजा जाते."

"शुक्रवार आहे," झहारी म्हणाला.

स्तामेन मोठ्याने हसला. गुड फ्रायडेला यंत्रघराच्या मागे बसून सॉसेज खाणारा हा प्राणी, तो सांगू लागला. पाद्रीबाबांची बकरी दिसली तरी हा ती भाजायला कोळसे मागायचा. हा कुठला शुक्रवार पाळतो! झहारीने त्याला पुरते बोलू दिले.

"तेव्हापासून पाळतो," तो म्हणाला. कधीपासून, हे कुणी विचारले नाही. स्तामेनने तिसऱ्या तुकड्याकडे नेलेला हात मागे घेतला.

आईने पहिल्यांदाच त्याच्याकडे पाहिले. चेहऱ्याकडे नाही, थाळीकडे. त्या थाळीत तिच्यासारखेच काही खाल्लेले नव्हते. तिचा आडोसा तेवढ्यात नाहीसा झाला होता. घरात आलेला माणूस उपाशी बसला होता, आणि उपास हे त्याला न वाढण्याचे कारण राहिले नव्हते. उपासाचे काहीतरी करून घालायला हवे होते.  

मग ती उठली. तळघरात गेली आणि ओचाभर बटाटे घेऊन आली. मी पुढे झालो तर तिने मला कोपराने बाजूला केले. बटाटे, सुरी, किसणी आणि मातीचे खोल भांडे तिने झहारीच्या पुढ्यात, थाळी सरकवून ठेवले.

"सोल," ती म्हणाली. "मग किस."

आमच्या गावात पाहुण्याचे हात ओले होऊ देत नाहीत. त्याने पाण्याचा पेला उचलून ठेवला तरी घरच्या बाईला मेल्याहून मेल्यासारखे होते. सुरी द्यायची ती घरच्याला. झहारीला हे माझ्याइतकेच ठाऊक होते. टोपी कुठे ठेवावी हे त्याला सुचेना. शेवटी ती त्याने मांडीखाली घेतली आणि बटाटा उचलला.

आईने मी झाकून ठेवलेले दोन गोळे उघडले, बोटाने दाबून पाहिले, आणि यात अंडे नाही ना, असे मला विचारले. नव्हते. तिने लांब बारीक लाटणे घेतले. महिनाभर शिकूनही मला जेवढा वेळ लागे त्याच्या पावपट वेळात तिने दोन पापुद्रे पसरले, माझ्यासारखे अक्षर वाचण्याइतके बारीक नव्हेत, थोडे जाड, बटाट्याचे ओझे पेलणारे. लाटता लाटता ती झहारीच्या हातांकडे पाहत होती.

"किसणीला गोंजारतोस काय? जोर लाव."

त्याने जोर लावला आणि बोटांची सालटी निघाली.

"बोटं नकोत त्यात," आई म्हणाली. "आज मांस चालत नाही."

स्तामेनला हसू आले आणि ते त्याने राकियाच्या पेल्यात बुडवले. झहारी हसला नाही. पण त्याचे खांदे, जे आल्यापासून कानांपर्यंत चढलेले होते, ते खाली आले. किसलेला बटाटा आईने मुठीत दाबून पाणी काढले, कांदा चिरून घातला, मीठ घातले, माळ्यावरून आणलेला वाळका पुदिना तळहातावर चोळून घातला, तेल घातले. एक पापुद्रा तव्यावर कडेबाहेर लोंबेल असा पसरला, त्यात सारण, वर दुसरा पापुद्रा, आणि लोंबती कड आत मुडपून घेतली. बटाट्याचा हा पातात्निक चुलीवर मंद आचेवर होतो. घाई केली तर बाहेरून करपतो आणि आत बटाटा कच्चा राहतो. म्हणजे आता अर्धापाऊण तास बसून राहण्यावाचून कुणालाच गत्यंतर नव्हते.

आई चुलीपाशी उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून. तिने जे विचारले ते तव्यालाच विचारल्यासारखे विचारले.

"त्या दिवशी तू का गेला नाहीस?"

झहारीने फडक्याने हात पुसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिला.

"दाढ दुखत होती," तो म्हणाला.

मग तो पुढे बोलू लागला. तुटक, मधेच थांबत. दोन दिवस ठणकत होती, डोके फुटायची वेळ आली होती. सकाळी यंत्रघरात मिंचो भेटला, तोंड पाहून म्हणाला, असा यंत्रावर चढलास तर दरीत जाशील. जा, दाढ काढून ये, उद्याची माझी पाळी तू कर. पहिल्या बसने तो स्मोल्यानला गेला. खुर्चीतून उठून बाहेर आला तेव्हा फोन वाजत होता. तोंडात कापूस कोंबलेला, अर्धे तोंड बधिर. पलीकडून सांगत होते, आणि याच्या तोंडून नुसता घोगरा आवाज निघत होता. पलीकडच्याला वाटले, प्यालेला आहे.

"दफनाच्या दिवशी तोंड उघडत नव्हतं," तो म्हणाला. "नंतर उघडलं, पण मग सांगायचं काय? माणूस गेला, तो माझ्या दाढेपायी? कुठल्या तोंडानं सांगणार होतो, मावशी? प्यालो होतो म्हणाले, ते म्हणू दिलं. ते ऐकायला त्यापेक्षा बरं वाटत होतं."

मी त्याच्या समोरच बसलो होतो. तीन वर्षांत हा प्रश्न मीही विचारू शकलो असतो. बसथांब्यावरच विचारू शकलो असतो. मला उत्तराची भीती वाटत आली होती, आणि उत्तर एवढे लहान निघाले होते.

आईने तव्यावर झाकण ठेवले, तवा उचलून उलटा केला, आणि पातात्निक झाकणावरून पुन्हा तव्यात सोडला. खालची बाजू तांबूस आणि कोरडी झाली होती. तिने तवा चुलीवर नीट टेकवला.

"काढली का?" तिने विचारले.

"काय?"

"दाढ."

"काढली."

"कुठली?"

त्याने बोटाने उजवा गाल दाखवला. ते तिला पुरले नाही. ती जवळ आली, हनुवटी धरून त्याचे तोंड उजेडाकडे वळवले, आणि लहान मुलाचे पाहतात तसे आत पाहिले. तो पस्तीस वर्षांचा माणूस डोळे मिटून, तोंड उघडून बसला होता.

"तीन गेल्यात इथल्या."

"परत कधी गेलो नाही त्या खुर्चीत," तो म्हणाला. "शेजारच्या आपोआप किडल्या."

"मूर्ख आहेस," आई म्हणाली. तिचा हात त्याच्या हनुवटीवर होता तो तिने काढून घेतला आणि पाठ वळवली. ती रडत होती की नाही, हे मला दिसले नाही. पातात्निकची दुसरी बाजू होईपर्यंत ती वळली नाही.

मग तिने तो पाटावर उलटला आणि चौकोनी तुकडे कापले. आमच्याकडे भांडण होते ते कडेच्या तुकड्यांसाठी. खरपूस, कुरकुरीत कड मानाच्या माणसाला, आणि मधला मऊ भाग उरलेल्यांना. स्तामेनला तिने कोपरा दिला, आणि एवढी बानित्सा खाल्ल्यावरही त्याने तो घेतला. मला कड दिली. मधल्या चार तुकड्यांतला सर्वांत मऊ तुकडा तिने सुरीवर घेतला, झहारीची न खाल्लेली बानित्सा एका बाजूला सारली, आणि तो त्याच्या थाळीत स्वतःच्या हाताने ठेवला.

"डाव्या बाजूनं चाव," ती म्हणाली. "गरम आहे."

त्याने थाळी जवळ ओढली. मग काट्याने लहानसा तुकडा मोडला, फुंकर घातली, आणि डाव्या बाजूने, सावकाश चावू लागला. आईने स्वतःसाठी कापलेला तुकडा हातात घेतला होता. त्याने पहिला घास गिळेपर्यंत ती थांबली, आणि मग तीही खायला लागली.